खरेदीचं तोंड

मुलांनो, जरा कल्पना करा. एक वस्तू तुम्हाला इतकी आवडली आहे की जीव तिच्यात अडकलाय, पण आवडल्याचं तोंडावर दिसता कामा नये. करून बघा. गाल खाली सोडा, भुवया जवळ आणा, नुकतंच एरंडेल प्यालात असं दाखवा. जमलं? मग तसंच तोंड ठेवून ऐका.

एक मुलगी होती. घरचे तिला भिंगरी म्हणत. खरं तर फिरायची हौस तिला नव्हती, तिच्या घराला होती. आईबाबांबरोबर ती परक्या देशात आली, तेव्हापासून भाड्याची घरं बदलत होती. तिथे ज्या भागात घर, त्या भागातली शाळा. म्हणून घर बदललं की शाळा बदलायची, आणि शाळा बदलली की पुन्हा मधल्या सुट्टीत एकटीने भिंतीकडे बघत डबा खायचा. या शाळेत मात्र तिला एक मैत्रीण मिळाली होती. स्वतःच्या डब्यातलं अर्धं देणारी आणि दुसऱ्याच्या डब्यातलं अर्ध्याहून जास्त घेणारी. अशी मैत्रीण सारखी सारखी मिळत नाही.

आणि नेमकं तेव्हाच घरमालकाने सांगितलं, "मुलाचं लग्न ठरलंय. खोली रिकामी करा."

बाबा म्हणाले, "झालं! चला, आता एकदाचं स्वतःचंच घर घेऊ."

परक्या माणसाला घर विकायला त्या देशात मनाई नव्हती. फक्त दलालाने फोनवर बाबांचं नाव सांगितलं, की बरीचशी घरं कालच विकली गेलेली निघत. शेवटी न विकलेलं एक सापडलं. शाळेच्याच रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर आणि उभं राहून अंघोळ करता येईल एवढी मोरी.

जिन्यातच बाबांनी दोघींना थांबवलं.

"हे बघा, घर कितीही आवडलं तरी हसायचं नाही. आवडलं असं दिसलं की भाव चढला."

"माहितेय हो," आई म्हणाली. "आमचे अण्णा साधं पातेलं घेताना आधी उलटं करून त्याच्या बुडाला नावं ठेवायचे."

"आणि बूट काढायचे नाहीत," बाबा म्हणाले. "बूट काढले म्हणजे टेकलो, टेकलो म्हणजे आवडलं. काय भिंगरे, कळलं?"

भिंगरीने उत्तर म्हणून तोंड करून दाखवलं. बाबा दचकले. अण्णांचंच तोंड होतं.

घराची मालकीण एक म्हातारी बाई होती. गुडघ्यांनी जिना नाकारला म्हणून ती बहिणीकडे राहायला जाणार होती. दलालामागून तिघांची पायताणं वाजत वाजत आत गेली. आता तिचं बोलणं तिच्या भाषेत होतं, पण आपण ते मराठीतच ऐकू.

"हे कपाट माझ्या नवऱ्याने केलंय," बाई म्हणाली. "दार कितीही जोरात लावा, आवाज होत नाही."

बाबांनी दार लावलं. आवाज झाला नाही. "च्च," बाबा म्हणाले.

"सकाळी ऊन थेट ओट्यावर येतं."

"डोळ्यांवर येत असेल," आई म्हणाली.

खोलीला एक खिडकी होती आणि तिला चांगला रुंद कट्टा. तिथून शाळेचं फाटक दिसत होतं. भिंगरीने बाहेर बघितलं. फाटकाशी तिची मैत्रीण दोरीच्या उड्या मारत होती. भिंगरीने गाल आणखी खाली सोडले.

"खिडकी अडकते वाटतं," बाबांनी ती ढकलून बघत म्हटलं. मग भिंतीवर बोट फिरवलं, बोटाकडे बघितलं आणि उसासा सोडला. बोट स्वच्छ होतं.

बाई जरा वेळ तिघांकडे बघत राहिली. मग दलालाला बाजूला घेऊन काही बोलली. दलाल परत आला तो खांदे पाडून.

"बाई घर देणार नाहीत."

"का? परके म्हणून?" बाबांनी विचारलं.

"छे. त्या म्हणतात, बिचाऱ्यांना घर मुळीच आवडलेलं नाही. नाइलाजाने घेताहेत. जिथे मी जन्म काढला, तिथे कोणी कुढत राहिलेलं मला बघवणार नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी इमारत आहे म्हणे. लिफ्टही आहे. तिथे तुम्ही सुखी व्हाल."

शहराचं दुसरं टोक. म्हणजे दुसरी शाळा. भिंगरीने आईचा हात पकडला.

"अहो, पण आम्हाला आवडलंय!" बाबा ओरडले. "फार आवडलंय!"

दलालाने बाईंना सांगितलं. बाईंनी तिघांची तोंडं पुन्हा एकदा नीट बघितली आणि मान हलवली.

"मग हे असं का?"

"हे आमचं खरेदीचं तोंड आहे," आई म्हणाली.

"रोजचं कुठे आहे?"

बाबांनी घाईघाईने हसून दाखवलं. इतका वेळ ताणून धरलेलं तोंड ते. एक बाजू वर गेली, दुसरी गेलीच नाही. बाईंनी त्यांच्यासाठी पाणी आणलं.

मोठ्यांचे सगळे उपाय संपले होते. तेव्हा भिंगरी दाराशी गेली. खाली बसून तिने बूट काढले आणि बाईंच्या चपलांशेजारी नीट जोडून ठेवले. मोज्यांवर चालत आली, कट्ट्यावर चढली, पाय पोटाशी घेतले आणि काचेला कपाळ टेकवलं. तोंड कसं होतं ते कोणालाच दिसलं नाही, कारण ते बाहेरच्या बाजूला होतं. पण खाली फाटकाशी दोरी थांबली आणि एक हात वर झाला.

बाई हळूहळू तिच्यापाशी आली.

"ही खिडकी नुसती ढकलायची नसते," बाई म्हणाली. "आधी वर उचलायची, मग ढकलायची. थंडीत दोन्ही हात लागतात."

भिंगरीने खिडकी वर उचलली, मग ढकलली. ती उघडली. बाबा काही बोलणार होते. आईने त्यांच्या पायावर बूट ठेवला.

"उद्या या," बाई दलालाला म्हणाली. "भावाचं बोलू. आणि यांना सांगा, येताना रोजचं तोंड घेऊन या."

एक मजला उतरल्यावर बाबांचं लक्ष खाली गेलं. भिंगरी मोज्यांवरच चालत होती.

"अगं, बूट कुठे आहेत?"

"घरी," भिंगरी म्हणाली.

"वेंधळीच आहेस. जा, घेऊन ये. अजून कशाचा काही पत्ता नाही."

भिंगरीने गाल खाली सोडले, भुवया जवळ आणल्या, हुबेहूब अण्णांसारखं तोंड केलं, आणि कठडा धरून तशीच मोज्यांवर खाली उतरायला लागली.