वाटणीत गेलेला अर्धा अल्बम

मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर आहे, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. माझ्या झाकणावर लोकांनी चहाचे कप ठेवले आहेत. एका पाहुण्याने तर माझी सुई बोटाने खरवडून "ही टोचते का हो?" असे विचारले होते. त्यामुळे कुणी हसत हसत जवळ आले की मी आधी त्याचे हात बघतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या तपासणी करणाऱ्या बाईंनी मला पुन्हा पुन्हा उघडून पाहिले. "फिरताना किंचित कुरकुरतोय," त्या म्हणाल्या आणि कान लावून बसल्या. मी कुरकुरत नव्हतो. शेवटी त्यांनी नाइलाजाने शिक्का मारला. संशयाचे बाळकडू मला मिळाले ते असे.

दोन मुलांच्या एका वडिलांनी मला विकत घेतले आणि माझ्याबरोबर एक अल्बमही घेतला. तुमच्यापैकी अनेकांनी रेकॉर्ड पाहिली नसेल. ती ताटाएवढी काळी तबकडी असते. तिच्यावरच्या बारीक रेघांमधून माझी सुई फिरली की गाणे ऐकू येते. या अल्बमच्या एका कव्हरात दोन तबकड्या होत्या. एका गायिकेने पहाटेपासून रात्रीपर्यंतचा एक अख्खा दिवस त्यांत गायला होता. पहिली तबकडी संपायची ती दुपारच्या गाण्याच्या मधोमध, चाल अर्धवट सोडून. दुसरी तबकडी लावली की तीच चाल पुढे सुरू व्हायची. ते घर त्या अल्बमवरच वाढले म्हणा ना.

वडील गेले आणि घराची वाटणी झाली. मधे भिंत आली. भांडी वाटली, खुर्च्या वाटल्या, पंखे वाटले. शेवटी अल्बम राहिला.

"दोन तबकड्या आहेत. एक तुला, एक मला," थोरला म्हणाला.

"आणि मशीन तुझ्याकडे," धाकटा म्हणाला. "म्हणजे मी तबकडी काय भिंतीला टांगू?"

"टांग नाहीतर विक. माझा उंबरा ओलांडू नकोस म्हणजे झालं."

धाकटा दुसरी तबकडी आणि कव्हर घेऊन भिंतीपलीकडे गेला. मी आणि पहिली तबकडी थोरल्याकडे राहिलो. शहाणीसुरती माणसे गाणे मधोमध कापू शकतात, हे मी त्या दिवशी पाहिले. तेव्हापासून शहाण्या माणसांवरही माझा भरवसा नाही.

थोरल्याचे चष्म्याचे दुकान होते. तो रोज संध्याकाळी पहिली तबकडी लावायचा. ती संपली, चाल अर्धवट तुटली, की तो लगेच उठत नसे. थोडा वेळ तसाच बसून राही आणि मग माझे झाकण लावी. कुणी विचारलेच तर म्हणे, "दुसरीत काही दम नाही. नुसती भरताड." मला ते खरे वाटले नाही. भरताडीची वाट बघत कोण बसतो?

आता तुम्हाला एक गुपित सांगतो. दर गुरुवारी थोरला चष्म्याच्या काचा आणायला बाहेरगावी जायचा. दुपारी मागचे दार हळूच वाजायचे आणि धाकटा आत यायचा. तो शाळेची बस चालवत असे आणि दोन फेऱ्यांमध्ये त्याला थोडा वेळ मिळे. उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली दुसरी तबकडी त्याच्या काखेत असायची. थोरल्याची बायकोच दार उघडायची. पहिल्यांदा तो आला तेव्हा मला वाटले, हा मला पळवायला आला आहे. पण तो आणि त्याची वहिनी दोन्ही तबकड्या ओळीने ऐकत, फारसे बोलत नसत. मग ती माझे झाकण पुसून होते तसे ठेवी.

"दादाला कळलं तर?" तो एकदा म्हणाला.

"कळू दे. वाटणी करताना मला विचारलं होतं का कुणी?" ती म्हणाली.

ती असे म्हणाली खरी, पण मला धास्ती होती. पकडले गेले असते तर मागचे दारही बंद झाले असते, आणि धाकट्याला ते गाणे पुन्हा कधी मिळाले नसते. मलाही नाही. मीही अर्धाच दिवस वाजवत राहिलो असतो.

थोरल्याच्या मनात पाल चुकचुकली ती माझ्या सुईमुळे. सुई लवकर झिजू लागली. त्याने ती भिंगाखाली धरून निरखली. "रोज एकच तबकडी लावतो मी. मग ही एवढी झिजते कशी?" तो पुटपुटला. त्याचा संशय दातांच्या डॉक्टरांवर गेला. दर रविवारी आमच्या बैठकीच्या खोलीत श्रोता मंडळ जमायचे आणि डॉक्टर सगळ्यांच्या आधी हजर असायचे. थोरला त्यांच्याकडे असा रोखून बघू लागला की बिचारे आपलेच दात चाचपू लागले. मग त्याने माझ्या झाकणावर पांढरा दोरा आडवा ठेवायला सुरुवात केली. गुरुवारी वहिनी तो दोरा उचलायची आणि काम झाले की जसाच्या तसा ठेवायची. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच.

एका रविवारी मंडळाने ठरवले, की आजवरचा सर्वश्रेष्ठ अल्बम निवडायचा. मला हा प्रकारच संशयास्पद वाटला. गाण्यांची काय धावण्याची शर्यत आहे? पण थोरल्याने मनावर घेतले. वडिलांचा अल्बमच पहिला यायला हवा, असे त्याने ठरवूनच टाकले. पुढचे काही रविवार एकेक सभासद आपला अल्बम आणून त्याचे गुण सांगत राहिला. जितकी भाषणे लांब, तितक्या तबकड्या कोऱ्या करकरीत. या माणसांनी त्या कधी ऐकल्या होत्या, देव जाणे.

शेवटी थोरल्याची पाळी आली. त्याने पहिली तबकडी लावली. दुपारच्या गाण्याची चाल मधोमध थांबली आणि सगळे पुढची वाट पाहू लागले.

"एवढंच आहे," थोरला म्हणाला.

"असं कसं? अर्ध्या अल्बमला मत कसं द्यायचं?" शिवणकाम करणाऱ्या मावशींनी विचारले.

"पुढच्यात काही विशेष नाही. मत दिलंत तरी चालेल."

तेवढ्यात त्याची बायको पाण्याचे ग्लास घेऊन आली. ती म्हणाली, "शेवटचं गाणं ऐकल्याशिवाय कुणी मत देऊ नका. त्यात नुसता आवाज आहे, एकही वाद्य नाही. गेल्या गुरुवारीसुद्धा माझे डोळे भरून आले."

"गेल्या गुरुवारी?" थोरल्याने विचारले.

तिने ग्लास खाली ठेवले. "हो. दर गुरुवारी भाऊजी येतात, आणि आम्ही सगळा अल्बम ऐकतो. डॉक्टरांकडे उगाच डोळे वटारू नका."

मला वाटले, संपले आता. थोरला उठला आणि बाहेर गेला. भिंतीपलीकडचे दार वाजले. बोलणे नीट ऐकू आले नाही. थोड्या वेळाने तो आत आला आणि त्याच्यामागून धाकटा आला, दुसरी तबकडी कव्हरात घालून, छातीशी धरून.

"परत देशील ना?" त्याने विचारले.

"लाव," थोरला एवढेच म्हणाला.

मी दुसरी तबकडी वाजवली. तुटलेली चाल पुढे गेली. थोरला मान खाली घालून ऐकत होता. शेवटचे गाणे संपले तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला, आणि काचा स्वच्छ झाल्या तरी पुसतच राहिला.

मग चिठ्ठ्या टाकल्या. आमचा अल्बम हरला. डॉक्टरांचा जिंकला. मला वाटले, थोरला चिडणार. पण तो धाकट्याकडे बघत होता. धाकटा आपली तबकडी कव्हरात घालून निघाला होता.

थोरल्याने पहिली तबकडी उचलून त्याच्यापुढे धरली. "हीसुद्धा घाल त्यात."

"का?" धाकट्याने डोळे बारीक केले.

"सगळा अल्बम तुझ्याकडे राहू दे. मशीन माझ्याकडे."

"म्हणजे मला ऐकायचं झालं तर..."

"तुला इकडे यावं लागेल. आणि मला ऐकायचं झालं तर मला तुझ्याकडे मागायला यावं लागेल." थोरल्याने माझे झाकण लावले. "पुढच्या दारानं ये. आणि गुरुवारी नको, गुरुवारी मी नसतो."

धाकट्याने पहिली तबकडी दिव्याखाली धरून ओरखडे आहेत का ते पाहिले आणि मगच ती कव्हरात घातली.

मित्रांनो, सर्वश्रेष्ठ अल्बम कोणता ते मला विचारू नका. मला निकालांवर भरवसा नाही. पण अल्बम टिकतो कशामुळे, ते मी पाहिले आहे. तो कपाटात जपल्याने टिकत नाही. चाल तुटली की माणसाला पुढचे ऐकावेसे वाटते, आणि त्यासाठी तो रुसलेल्या भावाचेही दार वाजवतो, म्हणून अल्बम टिकतो. तुमच्या घरी असे काही असेल तर त्यावरची धूळ पुसा, ते अधूनमधून वाजवा. भांडण झालेच तर भांडी वाटून घ्या, खुर्च्या वाटून घ्या. पण दोघांनी मिळून ऐकलेले गाणे तेवढे वाटू नका. वाटलेच असेल, तर आपला अर्धा भाग घेऊन पलीकडच्या दारी जा, आणि दार उघडेपर्यंत तिथून हलू नका.