चौऱ्याऐंशी पायऱ्यांचा नमुना

मी एक नमुना आहे. हसू नका! ‘काय नमुना आहे!’ असं तुम्ही ज्याला म्हणता, तो मी नव्हे. इमारत बांधायच्या आधी तिची लहानशी लाकडी प्रतिकृती करतात ना, तो मी. आणि बोलायला बसलोच आहे तर लपवाछपवी कशाला? मी मत्सरी आहे. माझ्यामागून आलेल्या एका पुठ्ठ्याच्या पोरावर मी आजही जळतो.

एका डोंगरावर एक झरा आहे. लोक दिवसेंदिवस चालत त्याच्या दर्शनाला येतात. तिथली जुनी वास्तू गर्दीला पुरेना, म्हणून तिथल्या विश्वस्तांनी नवीन आराखडे मागवले. ते पाठवणाऱ्यांत एक ताई होती. तिचं ऑफिस म्हणजे छापखान्यावरच्या दोन खोल्या. खाली यंत्र सुरू झालं की वर टेबलावरच्या पेन्सिली घरंगळायच्या.

ताईने मला कागदावर काढलं आणि मामांनी मला लाकडात आणलं. मामा म्हणजे तिचे सख्खे मामा, उभा जन्म सुतारकाम केलेले. गुडघे गेले म्हणून दुकान बंद करून घरी बसले होते. ताईने हाक मारली आणि ते काठी टेकत, एकेका पायरीला कुरकुरत, छापखान्याचा जिना चढून आले.

आठ महिने मी त्यांच्या हाताखाली होतो. माझा घुमट संत्र्याच्या फोडींसारखे चोवीस लाकडी तुकडे जोडून केला. सांधा शोधायला नख फिरवा, सापडणार नाही. घुमटापर्यंत जाणाऱ्या चौऱ्याऐंशी पायऱ्या, एकेक तांदळाच्या दाण्याएवढी. शेवटी मामांनी साठ माणसं कोरली, बोटाच्या पेराहून बुटकी. कुणाच्या खांद्यावर मूल, कुणाच्या डोक्यावर गाठोडं. ती पायऱ्यांवर चिकटवली आणि मी भरलो.

स्पर्धेच्या दिवशी एका लांब टेबलावर आम्हा सात जणांना मांडलं होतं. एकाचा मनोरा वाकडा, एकाचा डिंक वर आलेला. विश्वस्तांचे अध्यक्ष माझ्यापाशी थांबले, वाकले, चष्मा पुसून पुन्हा वाकले. “हाच,” ते म्हणाले. मामांनी तोंड फिरवून नाक शिंकरलं. ते रडत होते, हे फक्त मला कळलं.

मी जिंकलो होतो. आता डोंगरावर माझ्याचसारखा, शंभरपट मोठा उभा राहणार होता. या तोऱ्यात मी तीन आठवडे काढले.

मग काम सुरू होण्याआधी चार दिवस ताई डोंगराच्या पायथ्याशी जाऊन राहिली. परत आली ती अबोल होऊन. माझ्याकडे बघेना. माझ्या शेजारी पुठ्ठ्याचे ताव पसरले आणि कात्रीने सपासप कापत सुटली. बघता बघता एक बेंगरूळ आकार उभा राहिला. ना घुमट, ना पायऱ्या. डोंगराला वळसे घालत जाणारा एक रुंद चढ आणि वर झऱ्याभोवती उघडं आवार. बस्स! मला वाटलं, कचऱ्यात टाकायची असेल. पण ती त्याच्याकडे तासन्‌तास बघत बसायची. माझ्याकडे कधी तिने असं पाहिलं होतं?

मामा आले. पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले, “हे काय गं? खोकं?”

“मामा, बसा. सांगायचंय.”

“उभ्यानेच सांग.”

“तिथे एक म्हातारा-म्हातारी भेटली. अकरा दिवस चालत आलेली. जुन्या पायऱ्या पन्नास आहेत. म्हाताऱ्याला त्या चढवेनात. तो खालीच बसला, तिची पिशवी मांडीवर घेऊन. म्हणाला, ‘तू बघून ये, मग मला सांग.’ ती उतरून आली आणि त्याला झऱ्याचं वर्णन करू लागली. तो मान हलवत होता. मी शेजारीच होते, मामा. अकरा दिवस चालून त्याने झरा ऐकला फक्त.”

मामांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

“मग मी मोजायलाच बसले. चार दिवसांत सहाशेबारा माणसं पायथ्याशी बसून राहिली. आणि मी पन्नासच्या चौऱ्याऐंशी करायला निघाले होते, घुमट उंच दिसावा म्हणून.”

“म्हणजे माझे आठ महिने पाण्यात?”

“मामा...”

“जिंकलेला आराखडा कुणी फाडतं का, पोरी? काम हातचं जाईल तुझं!”

काठी आपटत ते निघून गेले. मला केवढा आनंद झाला! घरचं माणूस माझ्या बाजूने होतं. महिनाभर मामा फिरकले नाहीत. ताई फोन करायची, पलीकडून मामी म्हणायची, “झोपलेत.” सकाळच्या अकरा वाजता!

एका सकाळी जिन्यावर काठी वाजली. मामा धापा टाकत वर आले, खुर्चीत बसले आणि बराच वेळ गुडघे चोळत राहिले. मग म्हणाले, “चौऱ्याऐंशी पायऱ्या कोरल्या गं मी. पण सगळ्या बसल्या जागी कोरल्या. एकदाही मनात आलं नाही, की आपल्याला यातली दहावी तरी गाठता येईल का?”

ताईने त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. मामा पाणी प्यायले आणि त्यांनी पुठ्ठ्याला जवळ ओढलं. पुठ्ठ्याला! त्याच्या चढावरून बोट फिरवत म्हणाले, “इथे माणूस दमेल. या वळणावर बसायला कट्टा हवा. आणि इथे दुसरा. मला काय विचारतेस, माझ्या गुडघ्यांना विचार.”

पोटात आग पडणं कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं. पण खरा घाव पुढेच होता.

“याला माणसं नाहीत,” मामा म्हणाले. “माणसांशिवाय हे त्या विश्वस्तांना खोकंच दिसणार.”

“नवीन करायला वेळ कुठाय? बैठक परवा आहे.”

मामांनी टेबलावरचा चिमटा उचलला आणि ते माझ्याकडे वळले.

एकेक करून त्यांनी माझी साठच्या साठ माणसं उपटली. डिंक सुटताना टक्‌ टक्‌ आवाज व्हायचा. खांद्यावरचं मूल, गाठोडंवाली, सगळी त्या पुठ्ठ्याच्या चढावर जाऊन उभी राहिली. माझ्या पायऱ्यांवर डिंकाचे साठ ठिपके उरले. आणि खोटं कशाला बोलू? त्या दरिद्री पुठ्ठ्यावर ती माणसं खरंच चालल्यासारखी दिसत होती. माझ्यावर ती नुसती उभी होती. मला ते दिसलं, म्हणून तर जास्त जळलो.

बैठकीला आम्हा दोघांना नेलं. अध्यक्ष भडकले. “लोक लांबून घुमट बघून येणार आहेत, बाई! हा गाडीरस्ता बघायला कोण येईल? करायचा तर पहिला आराखडा करा, नाहीतर दुसरा माणूस शोधू.” मी मनात म्हटलं, वा, मर्दा! बोल, अजून बोल.

ताईने म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, आकडा सांगितला. अध्यक्ष कागद आवरू लागले. तेवढ्यात टोकाला बसलेल्या, गर्दीची व्यवस्था बघणाऱ्या बाई म्हणाल्या, “अध्यक्ष, तुमच्या आईसाहेब गेल्या वर्षी आल्या होत्या ना?”

अध्यक्षांनी हातातले कागद खाली ठेवले. मग म्हणाले, “आल्या होत्या. गाडीत बसून होत्या.”

अध्यक्षांनी पुठ्ठ्याचा नमुना स्वतःकडे सरकवला आणि चढाच्या पहिल्या वळणापासून शेवटपर्यंत बोट नेलं. कागदावर सही झाली. मी हरलो.

चार वर्षांत काम झालं. पुठ्ठा दमट हवेने पोक काढून कधीच गेला, पण जाऊन काय उपयोग? तो शंभरपट होऊन डोंगरावर पसरला आहे. पहिल्या दिवशी मामा काठी टेकत चढ चढले. तीन कट्ट्यांवर बसले, पण वर पोचले. झऱ्याचं पाणी डोळ्यांना लावून ते ताईला म्हणाले, “झकास!” हे मला ताईच्याच तोंडून कळलं. माझ्या घुमटाला ते कधी झकास म्हणाले नव्हते. नुसते नख फिरवायचे.

मामा आता नाहीत. ताईने मला डोंगरावरच्या चौकशी-खोलीत आणून ठेवलं आहे, काचेच्या पेटीत. “मामांचं काम लोकांनी बघायला हवं,” ती म्हणाली. माझ्या खिडकीतून तो चढ दिसतो. चाकाच्या खुर्च्या जातात, म्हाताऱ्या जातात, एकमेकांना धरून जातात. पायथ्याशी बसून राहिलेलं कुणी दिसत नाही. हे चांगलं आहे, मला कळतं. कळणं वेगळं आणि जळणं वेगळं.

रोज कुणीतरी पेटीपाशी थांबतं आणि म्हणतं, “काय सुंदर आहे! हे का नाही बांधलं?” दारावरचा राखणदार मान वर न करता सांगतो, “पायऱ्या आहेत.” लोक “हो, खरंच,” म्हणतात आणि पुढे जातात.

तेव्हा माझं एक मागणं आहे. कधी इकडे आलात तर माझ्यापाशी घटकाभर थांबा, आणि तेच विचारा. मोठ्याने विचारा. उत्तर मला पाठ आहे, पण तो प्रश्न कितीही वेळा ऐकला तरी माझं पोट भरत नाही.