यवतच्या घराची पडताळणी

मेहकला नर्सच्या नोकरीसाठी जर्मनीला जायचं होतं. जन्मदाखल्यावर सरकारी शिक्के मिळवून देणाऱ्या एजंटाचा माणूस, मारुतराव, यवतला जाऊन पत्ता तपासून आला आणि तिला कारेगावच्या दवाखान्यात भेटला.

"काम झालं, ताई. तुमच्या अम्मी लई मायाळू. चहा पाजल्याबिगर सोडलं न्हाई. म्हणल्या, माझी मेहक पायाळू हाय, पायानं जन्मली, तिला लांबचा प्रवास घडणारच."

मेहकच्या हातातलं इंजेक्शन हातातच राहिलं. अम्मीला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि यवतचं घर तेव्हापासून बंदच होतं. पायाळूपणाची गोष्ट तर अम्मीनं तिच्याशिवाय कुणालाच सांगितली नव्हती.

संध्याकाळी ती यवतला गेली. गंजलेलं कुलूप कसंबसं उघडलं. आत ओट्यावर दोन कप होते, एक रिकामा आणि दुसरा भरलेला, अजून कोमट. ती पळाली नाही. खाली बसून तिनं तो चहा संपवला. चव अम्मीच्याच हातची होती.

पुढं शिक्क्यांचे कागद आले. निघायच्या दिवशी तिनं यवतच्या घराचं दार ओढून घेतलं आणि कुलपाला हात घातला, तोच आतून कुणीतरी हळूच कडी लावली.