मुंग्या काळ्या की लाल?

"तुझी माय 'बरी आहो' म्हणली ना पोरी, तर तिले दुसऱ्यांदा इचारजो. पहिलं उत्तर ती सवयीनं देते."

आर्वीच्या बसस्टँडवर वच्छलाबाईंनी हे सांगितलं तेव्हा इलाचं अर्धं लक्ष बसच्या पाटीकडे होतं आणि उरलेलं कडेवरच्या लेकीच्या, आचलच्या टोपीकडे. वच्छलाबाई आईच्या समोरच्या घरातल्या. बाळंतपण आटोपून इला सेलूला नवऱ्याकडे निघाली, म्हणून आईबरोबर त्याही सोडायला आल्या होत्या. "हो काकू," म्हणून इला बसमध्ये चढली. या बाईंना साऱ्या गल्लीची काळजी वाहायची हौसच आहे, असं तिचं मत. आई एकटी राहायची खरी, पण ब्लाउज शिवून, भजनाला जाऊन, शेजारच्यांच्या पापडाला हात लावून तिचा दिवस भरलेला असायचा. खिडकीखाली उभी राहून ती म्हणालीही, "माझी काळजी नको करू वं. मी बरी आहो."

सेलूला आल्यावर इलाच्या काळजीला एकच जागा उरली, आचल. पोर झोपली की नाकाशी बोट धरून श्वास बघायचा. उठली की, का उठली? बी.एस्सी. झालेली बाई, प्रत्येक गोष्टीला कारण हवं. नवरा अभिराम ज्युनिअर कॉलेजात शिकवायचा. घरी आल्या आल्या सुरू होणाऱ्या प्रश्नांना कंटाळून त्यानं एक दिवस तिच्या मोबाइलवर एआय टाकून दिलं. "घे. आता याले इचार. मले चहा तरी पिऊ दे."

इलानं पहिला प्रश्न लिहिला, 'बाळ रडतं काय करू'.

उत्तर आलं ते बोट दुखेपर्यंत वर सरकवावं लागलं. भूक, झोप, गॅस, दात, कान, डास, कपड्याची शिवण. वाचता वाचता 'कान' आलं तशी ती टॉर्च घेऊन आचलच्या कानात बघायला लागली. आचल आणखी रडली.

"तू त्याले प्रश्न इचारला का कोडं घातलं?" अभिरामनं मोबाइल हातात घेत विचारलं.

"काऊन? साध्या मराठीत तर लिहिलं."

"डॉक्टरपुढं जाऊन 'बाळ रडतं' एवढंच म्हणून गप बसते का तू? तिथं तर त्या बिचाऱ्याले तोंड उघडू देत नाई. आचल तुले दिसते, याले दिसत नाई. तुले जे दिसते ते सांग. अन् काय पाह्यजे तेही सांग."

टोमणा लागला, पण पटलाही. तिनं पुन्हा लिहिलं. मुलगी सात महिन्यांची आहे. दोन दिवसांपासून केळं सुरू केलं. ताप नाही, खेळते, पण संध्याकाळी पाय पोटाशी घेऊन रडते. पोट चोळून पाहिलं. घरी काय करता येईल आणि डॉक्टरकडे केव्हा न्यावं, थोडक्यात सांग. शेवटी तिला स्वतःलाच एक ओळ सुचली: 'अंदाज बांधण्याआधी मला काय विचारायचं ते विचार.'

या वेळी उत्तराआधी प्रश्न आले. शी केव्हा झाली, घट्ट होती का, पाणी किती पिते? इलाला सगळं तोंडपाठ होतं. उत्तरं दिली, आणि मग जे उत्तर आलं ते बेतशीर होतं. केळं थांबवलं तशी आचलच्या संध्याकाळी शांत झाल्या. इलाला भारी वाटलं. आता ती आल्यागेल्याला सांगायची, "शेवटची ओळ विसरायची नाही. त्यालाच प्रश्न विचारायला लावायचं."

आईचा फोन रोज असायचा. आचलला ओरडून हाक मारायची, मग इलाशी दोन शब्द. एकदा म्हणाली, "बाकी बरी आहो. ह्या मुंग्याच तेवढ्या लय येऊन राह्यल्या."

आचल तेव्हा इलाच्या बांगड्या ओढत होती. "बघते हं," म्हणून इलानं फोन ठेवला आणि घाईघाईत एआयला विचारलं, 'आईकडे मुंग्या खूप येतात उपाय सांग'. उत्तर आलं: साखरेचे डबे घट्ट लावा, ओटा पुसून कोरडा ठेवा, मुंग्या निघतात तिथं हळद टाका. तिनं ते तसंच आईला पाठवून दिलं. आईनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. विषय संपला.

तो संपला नव्हता हे दिवाळीच्या सुमारास कळलं. एका दुपारी आईनं फोनवर पुन्हा तेच काढलं. "नाई वं, काही जाऊन नाई राह्यल्या मुंग्या. जाऊ दे. आचल काय करते?"

आचल झोपली होती. इलाला वेळ होता, आणि आता आपल्याला नीट विचारता येतं असा भरवसाही होता. तिनं शिस्तीत लिहिलं. आर्वीत जुनं कौलारू घर, आई एकटी, हळद टाकून झाली, फरक नाही. अंदाज बांधण्याआधी मला विचार.

एआयनं विचारलं, मुंग्या काळ्या आहेत की लाल? कुठून निघतात? दिवसा जास्त येतात की रात्री?

आचलच्या शीचा रंग इलाला माहीत होता. आईच्या घरातलं हे एवढंही माहीत नव्हतं. तिनं फोन लावला.

"आई, मुंग्या काळ्या का लाल?"

पलीकडून आधी हसूच आलं. "अवं माय! मुंग्याचा रंग इचारते काय?"

"सांग ना. अन् निघतात कुठून?"

"कुठून म्हणजे? बोटांपासून निघतात, वर पोटरीपर्यंत येतात."

"बोटांपासून? कोणत्या बोटांपासून?"

"पायाच्या. तुले काय वाटलं, ओट्यावरच्या?"

"मग मी हळदीचं पाठवलं तेव्हा बोलली काऊन नाई?"

"मले वाटलं, तुझ्या त्या मशीनले समजत असंल. लावली ना हळद. जिथं लागलंय तिथं."

"कुठं लागलंय?"

आई हळूच म्हणाली, "काही नाई वं. चपलेचा पट्टा घासला. दुखतसुद्धा नाई."

इलानं व्हिडिओ लावायला सांगितला. आईनं आधी आपला चेहरा दाखवला, मग छत, मग कुरकुर करत पाय. अंगठ्याशेजारच्या बोटावर हळदीचा पिवळा थर होता, आणि थराच्या कडेला काळसर काहीतरी.

आता इला मशीनसारखीच विचारत गेली, एकेक, न चिडता. केव्हापासून? सोयाबीन निघायच्या आधीपासून. रात्री उठावं लागतं? हो, तहान लागते ना, मग लघवीलेही जा लागते. वजन? ब्लाउज ढिले झाले, म्हणून आवळून घेतले. "शिवता येते मले," आई वर म्हणाली.

हे सगळं इलानं जसंच्या तसं लिहिलं, एकही शब्द न गाळता, 'दुखत नाही'सुद्धा. उत्तर छोटं होतं. मी तपासू शकत नाही, पण हे वाढलेल्या शुगरमुळे असू शकतं. जखम असून दुखत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे. घरगुती उपाय करत थांबू नका, आजच डॉक्टरांना दाखवा. तोवर अनवाणी चालू देऊ नका, पाय गरम पाण्यात बुडवू नका.

सेलूहून वर्धा, वर्ध्याहून आर्वी, कडेवर लेकरू. तिला पोचायला संध्याकाळ झाली असती. तिनं वच्छलाबाईंना फोन लावला.

"काकू, आत्ता आईला घेऊन दवाखान्यात जाता का? तिचा पाय—"

"चप्पल घालूनच बोलून राह्यली मी," वच्छलाबाई म्हणाल्या. "बसस्टँडवर म्हणलं होतं तुले. असू दे आता. तू ये. घाई नको करू, पोरगी हातात आहे."

डॉक्टरांनी शुगर तपासली. आकडा बघून वच्छलाबाईंनी तो कागद आईला दाखवलाच नाही. जखम साफ झाली, औषधं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, बोट वाचेल असं दिसतं. आणखी आठवडाभर हळदीवर भागवलं असतं तर सांगता आलं नसतं.

चार दिवसांनी इला आर्वीतच होती. आईचा पाय उशीवर, पट्टीत. त्या पट्टीकडे आचल रांगत निघाली की आई घाबरून ओरडायची आणि लगेच हसायची. तेवढ्यात सेलूच्या आयांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, 'इला, एआयला तू काय लिहितेस ते शिकव ना. आम्हाला नुसता निबंध मिळतो.'

इलानं आईच्या शेजारी बसूनच उत्तर लिहिलं.

'जे तुम्हाला दिसतं ते त्याला दिसत नाही, म्हणून सगळं सांगा. काय करून झालं, काय हवं, तेही. आणि तुम्हालाच प्रश्न विचारायला सांगा. मला पहिल्यांदा चुकीचं उत्तर मिळालं नव्हतं. मीच मुंग्या ओट्यावरच्या समजले होते. पण हे वाचून झालं की लगेच एआय उघडू नका. आधी एक फोन करा. तुमच्या ओळखीत कुणी एकटं राहत असेल, "बरी आहे" म्हणून फोन ठेवत असेल, तर तिला. "कशी आहेस" विचारू नका. रात्री किती वेळा उठलीस, ब्लाउज ढिले झालेत का, पाय दाखव, असं विचारा. ती हसेल. हसू द्या, आणि दुसऱ्यांदा विचारा.'