दोन बोटं तोकडा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना कातडी पट्टा आहे आणि मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. पट्टा म्हणजे कणखरच असणार, अशी लोकांची समजूत असते. पण चौदा वर्षं एकाच माणसाच्या पोटाला चिकटून काढा, म्हणजे कळेल. कमरेवर बसणाऱ्याला माणसाचा प्रत्येक श्वास कळतो. मला तर तो अडलेलाही कळला आहे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी दोरीला टांगलेला होतो. पाच भोकं, पितळेचं बक्कल आणि नव्या कातड्याचा करकरीत वास. पेडण्याकडच्या गोकुळदासने पहिल्या पगारातून मला घेतलं. तो पाळी गावच्या लोखंडाच्या खाणीवर खनिज मालाचा ट्रक चालवायचा. तिसऱ्या भोकात मी नेमका बसलो. ट्रक धुतला की तो माझ्यावरही खोबरेल तेलाचा हात फिरवायचा आणि चारचौघांत म्हणायचा, "पट्टो बघा कसो, अजून नवो!" तेव्हा मला फार बरं वाटायचं.

खाणीवर ट्रकांची लांब रांग लागते. माल भरेपर्यंत तासन्‌तास बसून राहायचं, मग ड्रायव्हर करणार काय? गोकुळदास सिगरेट ओढायचा. एक विझली की दुसरी. खोकला आला की मला हिसके बसायचे. सगळ्यांचीच पोटं अशी हलत असतील, असं मी धरून चाललो होतो.

गेल्या शिमग्यानंतरची गोष्ट. भर दुपारी रांगेत असताना त्याचा श्वास मध्येच थांबला. पोट आत गेलं ते बाहेर येईना. मागच्या ट्रकचा विशाल धावत आला. "गोकुळदास! अरे बोल मरे!" म्हणत त्याने माझं बक्कल ओढून सोडलं. मी सीटखाली लाल धुळीत पडलो. तिथून मला धन्याचे फक्त पाय दिसत होते, आणि ते हलत नव्हते. मित्रांनो, तेवढी भीती मला आधी कधी वाटली नव्हती.

तो वाचला. डॉक्टरांनी सांगितलं, छाती खराब झाली आहे, आता एकही सिगरेट नको. घरी आल्यावर पहिल्याच सोमवारी तो गावच्या देवीपुढे नारळ घेऊन उभा राहिला. भटजींनी त्याच्या वतीने गाऱ्हाणं घातलं, म्हणजे देवीला साकडं घालून शब्द दिला, आणि गोकुळदासने सिगरेट सोडली. त्याची बायको सुमंगला तिथेच रडली. आता आपले दिवस सुखाचे, असं मला वाटलं.

कसले सुखाचे! सिगरेट गेली, पण खाणीवरची रांग तिथेच होती. रिकामे हात स्वस्थ बसेनात. जिभेला चव आली, भूक वाढली. तलप आली की तो भाजीपाव मागवायचा. रांगेत एक, काट्यावर ट्रकचं वजन करताना एक, माल उतरवल्यावर मिरचीभजी घालून आणखी एक. सिगरेटीच्या जागी पाव बसला, आणि त्याचा भार माझ्यावर आला. मी चौथ्या भोकावर गेलो, मग पाचव्यावर. एके सकाळी पाचवंही पुरेना, तेव्हा गोकुळदासने गॅसवर खिळा तापवला, सांडशीत धरला आणि माझ्या टोकाशी टेकवला. कातडं चरचरलं. सहावं भोक पडलं. पुढे माझं फक्त चार बोटं कातडं उरलं होतं.

विशाल चेष्टा करायचा. "गोकुळदास, कितवो म्हयनो रे?" सगळे हसायचे, गोकुळदासही हसायचा. पण हसताना तो पोट आत ओढून धरायचा, हे एकट्या मलाच ठाऊक होतं.

आरोग्य केंद्रातल्या संजना नर्सने त्याला काट्यावर उभं केलं. सात किलो वाढले होते. ती म्हणाली, "गोकुळदासबाब, भियू नाकात. सिगरेट सोडली की थोडा वजन वाढताच. तलप पाच मिनटांत उतारता, तितक्यात पाणी पिया, चणे खावा, चार पावलां चला. पण परत ओढूक लागू नाकात, ता ह्या पोटापेक्षा वायट."

त्याने मान हलवली. ऐकलं मात्र विशालचं. "दिसाक एकच ओढ, पोट आपसूक उतारता. गाऱ्हाण्याचा भय वाटता तर देवीचो कौल घे!" आमच्याकडे कौल घेतात तो असा : मूर्तीला फुलांच्या पाकळ्या लावायच्या आणि देवीला प्रश्न विचारायचा. उजवीकडची पाकळी पडली तर होकार. गोकुळदासला ते पटलं. देवीसाठी सोडलेली सिगरेट देवीकडूनच परत मागायला तो निघाला. डोंगराच्या पायथ्याशी त्याने एक सुटी सिगरेट घेऊन खिशात ठेवली. सुमंगलाला यातलं काहीच माहीत नव्हतं. ती नारळ घेऊन मागून चालत होती.

देऊळ वर आहे, ब्याऐंशी पायऱ्या. मी वाटभर एकच विचार करत होतो. पाकळी उजवीकडची पडली तर? पुन्हा तो खोकला, पुन्हा ती लाल धूळ, पुन्हा ते न हलणारे पाय. माझं बक्कल भीतीने गार पडलं होतं.

कातडं आत चालत नाही. गोकुळदासने मला काढून दारातल्या पायरीवर ठेवलं. आतून भटजींनी विचारलं, "काय रे, कौल घेवचो? काय इचारूचा?"

तेवढ्यात सुमंगला वर पोचली आणि धापा टाकत माझ्या शेजारीच बसली. "थांबा मरे जरा! किती बेगीन चडलात! माका दम लागलो. मागल्या वर्सा तुमी तीनदा बसलेलात, आठवता?"

गोकुळदासने वळून खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. वर येताना तो एकदाही थांबला नव्हता. सात किलो जास्त घेऊन तो एका दमात चढला होता, आणि मी भीतीच्या भरात त्याचा श्वास ऐकायलाच विसरलो होतो.

"इचार मरे," भटजी म्हणाले.

"कायच ना, भटजी. पाया पडूक इलंय."

बाहेर येऊन त्याने खिशातली सिगरेट सुमंगलाच्या हातात ठेवली. तिने ती मुठीत चुरडली आणि एवढंच म्हणाली, "आता दर सोमवारी चडूया."

आता तो रांगेत चणे खातो आणि तलप आली की ट्रकांच्या कडेने फेरी मारतो. पोट लगेच उतरलं नाही. सहावं भोकही आवळू लागलं, तेव्हा त्याने पुन्हा खिळा तापवला. सुमंगलाने सांडशी काढून घेतली. "तेका कित्याक भाजतात? नवो हाडा." दुसरा, लांब पट्टा आला आणि मी दारामागच्या खुंटीवर गेलो. टाकून दिलेल्या वस्तूंचं काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून मी तिथेही घाबरलो.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी सिगरेट सोडली असेल, तर त्याच्या पोटावर हसू नका. त्याच्याबरोबर चार पावलं चाला. तो आधीच घाबरलेला असतो.

दर सोमवारी देवळात जाण्याआधी गोकुळदास मला खुंटीवरून काढतो आणि कमरेला लावून पाहतो. आधी मी तीन बोटं कमी पडायचो, आता दोन पडतो. उरलेली दोन बोटं कधीच भरून निघाली नाहीत तरी चालेल. मला लावून पाहताना तो श्वास घेतो, आणि तो आता अडत नाही.