पॉइंटच्या पुढचं

रविवारी कुकरची दुसरी शिट्टी झाली. मांडीवर माझ्याच प्रोग्रामचा छापील कागद होता आणि त्यातली घोडचूक आत्ता कुठे माझ्या डोळ्यांना दिसली होती.

तळोज्याच्या रसायन कारखान्यात आदल्याच दिवशी आम्ही पहिला कॉम्प्युटर लावला. टाकीचं तापमान साठच्या वर गेलं की भोंगा वाजायला हवा होता. पडद्यावर आकडा सुटसुटीत दिसावा म्हणून मी पॉइंटच्या पुढचं सगळं छाटून टाकलं होतं. आता साठ पॉइंट नऊ आलं तरी कॉम्प्युटर साठच धरणार, आणि साठ काही साठापेक्षा जास्त नाही, म्हणजे भोंगा गप्प! चाचणी घेतली होती एकोणसाठ, साठ, एकसष्ट टाकून. वर सगळ्यांकडून शाबासकीही घेतली होती.

"साठच्या वर अर्धा अंशही नको, वसुंधरा. टाकी फुटेल," असं केमिस्ट कृष्णकांतांनी बजावलं होतं. त्या टाकीपाशी दाजी बसायचे. मिठागरातलं काम सोडून इथे आलेले, वीस वर्षं तापमापकाचा काटा साठजवळ सरकला की आपणहून गार पाणी सोडणारे. त्यांना मीच दटावलं होतं, "आता भोंगा वाजेपर्यंत व्हॉल्व्हला हात लावायचा नाही."

कोपऱ्यावरच्या बूथवरून कारखान्यात फोन लावला तर एंगेज. पुन्हा एंगेज. रिक्षात बसले. गॅस बंद केला की नाही तेही आठवेना. कारखान्याच्या दिशेने धूर दिसला की रिक्षावाल्याला घाई करायचे, आणि तळोज्यात धूर कुठे नसतो?

धावत आत शिरले. पडद्यावर साठ. दाजी हात मांडीवर ठेवून बसलेले.

"पाणी सोडा, दाजी!"

"साठच हाय, बाई. भोंगा नाय वाजला."

"सोडा म्हणते ना!"

त्यांनी व्हॉल्व्ह फिरवला. आकडा हलेना. साठ. साठ. आत साठ पॉइंट एक की पॉइंट नऊ, कळायला मीच वाट ठेवली नव्हती; काट्याचा तापमापकही कालच काढला होता. कितीतरी वेळाने एकोणसाठ आला.

"भोंगा चुकीचा लावलाय मी. एकसष्ट होईपर्यंत वाजलाच नसता," मी सांगून टाकलं. मला रडू येत होतं.

दाजींनी व्हॉल्व्हवरचा हात काढला.

"मना सकालपासून वाटत व्हता पाणी सोडावा," ते म्हणाले. "पन आमी अडानी, तुमी शिकलेल्या. म्हनून नाय सोडला."