सौंदडच्या रानातलं राखफूल

एकोणीसशे सत्तेचाळीसच्या दिवाळीत पेटी आवरताना शालीकराम गुरुजींच्या हाती वर्तमानपत्राची एक पिवळी घडी लागली. आत वाळलेलं, चपटं झुडूप. फुलांचा जांभळा रंग विटला होता, पण देठावरची काजळी अजून बोटाला लागत होती. गुरुजी तिथंच खाली बसले.

तरुणपणी ते सौंदड गावच्या शाळेत शिकवायचे आणि रविवारी रानात हिंडायचे. मोहाच्या झाडांखाली, खडकाळ जमिनीत त्यांना हे झुडूप सापडलं. कोणत्याच पुस्तकात ते नव्हतं. नागपूरच्या एका प्राध्यापकांना पाठवलं, तर उत्तर आलं, ‘जात नवी वाटते. पण फुलाशिवाय वर्णन लिहिता येत नाही. फुलं पाठवा.’

गुरुजींनी झुडपांभोवती दगड रचले. गळालेली मोहफुलं नीट वेचता यावीत म्हणून लोक झाडांखालचा पाला जाळत; इथला जाळू नका, म्हणून गुरुजींनी सगळ्यांना हात जोडले. वर्ष गेलं. एक कळी आली नाही. पुढच्या फाल्गुनात जाऊन पाहतात, तर सगळी जमीन काळी! मोहफुलं वेचणारी मंगली राख झाडत होती.

“माझं झुडूप जाळलंस तू!”

“मंग काय करू? मांगच्या साली तुमच्यापायी पाला नाही जारला. अर्धे मोहं पाल्यातच सडले. लेकरायले काय तुमचे दगड खाऊ घालू?”

गुरुजींचे डोळे भरून आले.

“कायले रडून राहिले, मास्तर? पंधरा दिसांनी या. राखफूल हाये थे. आग लागल्याबिगर फुलतच नाही.”

“मग आधी का नाही सांगितलंस?”

“तुमी इचारलं कवा? तुमी तं पुस्तकालेच इचारून राहिले होते.”

विश्वास बसला नव्हता, तरी गुरुजी गेले. करपलेल्या बुडख्यांतून, एकही पान नसताना, जांभळी फुलं वर आली होती.

फुलं नागपूरला गेली. प्राध्यापकांचं छापील वर्णन आलं, ते गुरुजींनी मंगलीच्या अंगणात वाचून दाखवलं. खोड, पान, पाकळ्या, केसर. ती कंटाळली.

“हे तं रोजचंच हाये. आगीचं लिवलं का?”

“लिहिलंय ना, शेवटी.”

“पयले थेच लिवाचं होतं.”

मंगलीला जाऊनही आता चार वर्षं झाली होती. गुरुजींनी कोरा कागद ओढला. मुलांसाठी धडा लिहायचं किती दिवस मनात होतं. काजळीच्या बोटांनीच त्यांनी पहिली ओळ लिहिली, ‘हे झुडूप आग लागून गेल्यावर फुलतं. मला हे मंगलीनं सांगितलं.’